जांबवंताचे काम

(हुपरी येथे झालेल्या पालक व शिशुशिक्षकांच्या मेळाव्यात एका निवृत्त शारीरिक शिक्षकांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



हुपरी ही चांदीची नगरी आहे. येथे घडलेले पैंजण देशभरातील लेकीसुनांच्या पावलांत रुणझुणते, ही आपल्या सर्वांना अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. परंतु या अभिमानाच्या पोटी दडलेली एक विसंगतीही आज आपण ध्यानात घेतली पाहिजे. चालत्या-धावत्या पावलांचे हे आभूषण घडविणारी माणसे मात्र दिवसभर एका जागी बसून असतात. मान खाली, पाठ वाकलेली, नजर हातातल्या बारीक कामावर खिळलेली. बोटे अत्यंत कुशल, पण बाकीचा देह निश्चल. पूर्वी या घरांतील मुले तरी गल्लीत उंडारत होती. आता तीही बसू लागली आहेत. सकाळी शाळेच्या गाडीत, दुपारी बाकावर, सायंकाळी शिकवणीत आणि रात्री मोबाइलसमोर. पैंजणांच्या गावातील पावले धावण्याचे विसरत असतील, तर तो चिंतेचा विषय मानला पाहिजे. आणि हे केवळ हुपरीचे चित्र नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही मध्यमवर्गीय वसाहतीत गेलात, तरी हेच दृश्य दिसेल.

मला विषय दिला आहे, ‘लहान मुलांना शारीरिक क्षमतेचे निरनिराळे प्रकार कसे शिकवावेत’. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार, आयुष्यभर मैदानावर राहिलो, एवढाच आहे. म्हणून आरंभी मी माझी एक चूक आपल्यासमोर मांडणार आहे.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे तिसरी-चौथीची मुले होती. मैदानाच्या एका टोकाच्या लिंबापासून दुसऱ्या टोकाच्या भिंतीपर्यंत धावण्याची शर्यत हा माझा आवडता कार्यक्रम. त्यात एक मुलगा नेहमी शेवटचा येई. अंगाने जरा स्थूल, पायाने मंद. मुले हसत. त्याची मानहानी टळावी म्हणून मी त्याला गुण लिहिण्याचे काम दिले. इतर मुले धावत, हा वही घेऊन कडेला बसे. पुढे तेच त्याचे कायमचे स्थान झाले. मी त्याला दया समजत होतो.

तीस-बत्तीस वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत तो मला भेटला. चांदीकामात चांगला नावारूपाला आलेला. पंगत उठली तेव्हा त्याने एक हात जमिनीवर टेकला, दुसरा मुलाच्या खांद्यावर ठेवला आणि मोठ्या कष्टाने उभा राहिला. वय अवघे चाळीस. मी काळजीने विचारले, तर हसून म्हणाला, “गुरुजी, मला कुठं जमतंय? ल्हानपणापास्नंच खेळाचं जमत न्हाई. तुमास्नी ठाऊक हायच की. आणि ह्यो बी माझ्यावानीच हाय.” हे म्हणताना त्याने सात वर्षांच्या त्या पोराच्या डोक्यावर प्रेमाने हात ठेवला होता.

बंधू-भगिनींनो, त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते माझ्या जिव्हारी लागले. मी चालविलेला एक निकाल त्याने आयुष्यभर शिरोधार्य मानला होता आणि आता तो वारसाहक्काने मुलाकडे निघाला होता. मी त्या बाळाला म्हणालो, “एका पायावर उभा राहून दाखव बघू.” तो उभा राहिला. मी मोजू लागलो. वाढपी येत-जात होते, कोणाचा धक्काही लागला, पण मी चाळीस म्हणेपर्यंत त्याने दुसरा पाय टेकला नाही. त्या वयात हे सोपे नाही. मग मनात आले, याच्या पित्याला तरी मी कधी एका पायावर उभे करून पाहिले होते काय? मी फक्त धावणे पाहिले होते. एक दार बंद दिसले, म्हणून सगळा वाडाच रिकामा आहे असे मी ठरवून टाकले होते.

शारीरिक क्षमता ही एक वस्तू नाही, ते एक कुटुंब आहे. त्यात बळ आहे, म्हणजे भार उचलण्याची, ढकलण्याची, ओढण्याची शक्ती. दम आहे, म्हणजे हृदय आणि फुप्फुसे दीर्घकाळ काम करीत राहण्याची क्षमता. लवचिकता आहे, म्हणजे सांधे मोकळेपणाने वळणे. तोल आहे, चपळाई आहे, वेग आहे आणि हात, पाय व डोळे यांचा मेळ, ज्याला आम्ही समन्वय म्हणतो, तोही आहे. एखाद्या मुलात यांपैकी एक उणे असेल, तरी दुसरे अधिक असू शकते. आणि जे उणे आहे, तेही सरावाने वाढते. एवढे साधे सत्य मुलाच्या मनावर बिंबले, तर तो मैदानाकडे पाठ फिरवणार नाही.

शासनालाही हे पटले आहे. ‘खेलो इंडिया’ अंतर्गत शालेय मुलांसाठी जी क्षमता-चाचणी आखण्यात आली, तिच्यात पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी शर्यत नाहीच. उंची-वजनाच्या प्रमाणाखेरीज दोनच गोष्टी पाहिल्या जातात. एका पायावर तोल सांभाळणे आणि दोन चकत्यांवर आळीपाळीने झपाट्याने हात टेकवत जाणे. म्हणजे तोल आणि समन्वय. पन्नास मीटर धावणे, सहाशे मीटर धावणे किंवा चालणे, बसून पुढे वाकणे, पोटाचे आणि दंडाचे व्यायाम या चाचण्या नऊ वर्षांनंतर येतात. मी मात्र आठ वर्षांच्या मुलाला वेगाच्या एकाच काट्यावर तोलून मोकळा झालो होतो.

आता हे मुलांना सांगावे कसे? व्याख्या पाठ करून हे येत नाही. आपल्या घराघरांत यासाठी एक पाठ्यपुस्तक सिद्ध आहे आणि त्याचे नाव आहे हनुमंत. आपण मुलांना हनुमंताची कथा सांगतो, पण बहुधा एकच शब्द वापरतो, ‘बलवान’. वाल्मीकींचे सुंदरकांड नीट वाचा, म्हणजे हनुमंताच्या ठायी किती प्रकारच्या क्षमता आहेत ते दिसेल. महेंद्र पर्वतावरून उड्डाण करण्यापूर्वी तो बाहू ताठ करतो, कंबर आवळतो, पाय आखडून घेतो. ही लवचिकता आहे. समुद्रावरून जाताना मैनाक पर्वत विसाव्यासाठी वर येतो. हनुमंत त्याला आदराने स्पर्श करतो आणि न थांबता पुढे निघतो. हा दम. सुरसा तोंड पसरते, तेव्हा तो देह वाढवतो आणि एकाएकी अंगठ्याएवढा होऊन तिच्या मुखात शिरून क्षणात बाहेर येतो. ही चपळाई, आणि तिला बुद्धीची जोड आहे. अशोकवनात शिंशपा वृक्षाच्या पानांत तो आवाज न करता बसून राहतो. हा तोल आणि हे स्थैर्य. आणि पुढे युद्धकाळी औषधींचा पर्वतच उचलून आणतो, ते बळ. पाच प्रसंग, पाच क्षमता. ही कथा सांगताना मुलांना फक्त विचारा, “या वेळी हनुमंताने कोणती शक्ती वापरली?” सहा वर्षांचे मूलही अचूक उत्तर देते. हा माझा अनुभव आहे.

आपल्या भागाला तर समर्थांचा प्रत्यक्ष वारसा लाभला आहे. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी दोन याच हातकणंगले तालुक्यात आहेत, मनपाडळ्याला आणि पारगावला. पारगावची मूर्ती अकरांत सर्वांत लहान. मुलांना एकदा तेथे न्या. समर्थांनी लहानशा मूर्तीतही हनुमंतच पाहिला, हे त्यांना दाखवा. देहाचा आकार आणि अंगचे सामर्थ्य या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा धडा तेथे न बोलता मिळतो.

दुसरे साधन आपले देशी खेळ. यांत कोणत्या क्षमतेसाठी कोणता खेळ, याची जणू योजनाच केलेली आहे. लंगडी पाहा. एका पायावर तोल, त्याच पायाचा दमदारपणा आणि पळणाऱ्याला गाठण्याची चपळाई, हे तिन्ही त्यात एकवटले आहे, आणि खर्च शून्य. खो-खोत वेग आणि क्षणात दिशा बदलणे. कबड्डीत बळाबरोबर श्वासावर ताबा. रस्सीखेचीत बळ, पण एकट्याचे नव्हे तर सर्वांचे एकवटलेले. दोरीवरच्या उड्यांनी दम वाढतो आणि हाडे बळकट होतात. सागरगोटे, विटीदांडू, लगोरी यांत डोळे आणि हात यांचा मेळ. बेडूकउड्या, अस्वलचाल, खेकडाचाल ही लहानग्यांची व्यायामशाळाच. आमच्या मायभगिनींनी पंचमीला जपलेली फुगडी, झिम्मा आणि पिंगा हे तोल, लय आणि दम यांचे उत्तम शिक्षण आहे. ज्या खो-खोला काही जण गावठी म्हणून नाक मुरडत होते, त्याच खेळाचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाला आणि पुरुष व महिला अशा दोन्ही गटांत भारत विजयी ठरला. महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे.

संघाच्या शाखेत जे बालपणी गेले आहेत, त्यांना यात नवे काही वाटणार नाही. डॉक्टर हेडगेवारांनी १९२५ च्या विजयादशमीला जे कार्य आरंभिले, त्याच्या दैनंदिन रचनेत खेळाला स्थान मिळाले, ते केवळ करमणुकीसाठी नाही. बालशाखेच्या एका तासात पळण्याचा खेळ असतो, ओढाओढीचा असतो, सूचना ऐकून क्षणात थांबण्याचा असतो आणि शेवटी शांत, ताठ उभे राहणेही असते. मुलाला कळतही नाही आणि सर्व क्षमतांना पाणी मिळते. शिवाय त्या वर्तुळात कोणाचा बाप कोण, कोणाची जात कोणती, हे विचारले जात नाही. खेळताना ज्याचा हात धरला, तो आपला. समरसतेचा याहून सोपा पाठ मला ठाऊक नाही. राष्ट्र सेविका समितीने १९३६ पासून मुलींसाठी हेच कार्य चालविले आहे.

मुलींचा उल्लेख आला म्हणून स्पष्ट बोलतो. आपल्या घरांत मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की तिचे मैदान हळूहळू बंद होते. कोणी ‘खेळू नकोस’ असे म्हणत नाही, फक्त सायंकाळी तिच्यासाठी काही ना काही काम निघते. हाडे बळकट होण्याचे खरे वय तेच. राही सरनोबत हिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये नेमबाजीत विश्वविजेती झाली. या दोघी कोल्हापूरच्याच कन्या. त्यांच्या घरांनी सायंकाळी त्यांना कामाला लावले असते, तर?

आता आपल्या जिल्ह्याच्या लौकिकाविषयी. कोल्हापूर म्हटले की कुस्ती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले आणि पेठापेठांतील तालमींना राजाश्रय दिला. त्याच करवीरात राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी असलेले खाशाबा जाधव पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकून आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबा धिप्पाड नव्हते. त्यांचा वजनगट अवघ्या ५७ किलोंचा. त्यांची भिस्त चपळाईवर, डावांवर आणि दमावर. त्यानंतर महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला बहात्तर वर्षे लागली. २०२४ मध्ये पॅरिसला ते आणले राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने. कशात? नेमबाजीत. गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभ्याने, अशा तीन स्थितींत देह निश्चल ठेवण्याच्या खेळात. एकाच मातीतील दोन पदके, पण दोन्हीमागच्या क्षमता किती भिन्न! स्वप्निलची परीक्षा कोणी केवळ जोर-बैठकांवर घेतली असती, किंवा खाशाबांची केवळ उंचीवर, तर देश दोन्ही पदकांना मुकला असता.

जुन्या तालमीतला मेहनतीचा क्रम आठवा. जोर, बैठका, जोडी फिरवणे, दोर चढणे, हौद्यातील माती उकरणे, मानेचा व्यायाम आणि मग लढत. वस्तादाने पुस्तक वाचलेले नसे, पण बळ, दम, लवचिकता आणि तोल यांपैकी काहीही तो वगळत नसे. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी पुनरुज्जीवित केलेला मल्लखांब, औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातील शाळाशाळांत नेलेले सूर्यनमस्कार, हीही त्याच समग्र दृष्टीची उदाहरणे आहेत.

आता प्रत्यक्ष शिकविण्याच्या चार गोष्टी सांगतो. त्या घरी करण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट, मुलाला क्षमतेचे नाव सांगा आणि ती देहात कोठे जाणवते ते दाखवा. दोरीच्या उड्या झाल्या की त्याचा हात त्याच्याच छातीवर ठेवा. “हे धडधडते ना, तो दम वाढतो आहे.” पाण्याची कळशी उचलली की दंड चाचपू द्या. “हे बळ.” डोळे मिटून एका पायावर उभे करा. “डगमगलास ना? तोल शोधतो आहेस.” ज्या गोष्टीला नाव आहे, तिचा सराव करता येतो.

दुसरी गोष्ट, तुलना शेजारच्या मुलाशी नको, कालच्या स्वतःशी हवी. घरातल्या दिनदर्शिकेवर लिहा, सोमवारी एका पायावर दहापर्यंत, शनिवारी पंधरापर्यंत. शेवटून पहिल्या येणाऱ्या मुलालाही आठवड्यात एक विजय मिळतो.

तिसरी गोष्ट, मर्यादा. वाग्भटाने व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असे सांगितले आणि बालकांना तर तो वर्ज्यच मानला. कष्टाचा, घाम गाळणारा व्यायाम हा तेथे अभिप्रेत आहे, खेळ नव्हे. अर्धी शक्ती कोणती, तेही सुश्रुतसंहिता सांगते. श्वास तोंडावाटे येऊ लागला की अर्धे बळ खर्च झाले. मुले मुळातच थोडे पळून थोडे थांबतात. त्यांना थांबू द्या. आठ वर्षांच्या मुलाचे दंड फुगावेत म्हणून वजने हातात देऊ नका. त्या वयात बळ वाढते ते मुख्यतः मज्जातंतू आणि स्नायू यांच्या जुळलेल्या मेळामुळे, स्नायूंच्या आकारामुळे नव्हे. ज्या मुलाला दमा, हृदयविकार वा अन्य आजार असेल, त्याच्यासाठी वैद्यांचा सल्ला आधी. पण आजार आहे म्हणून सर्वच बंद करू नका, काय चालेल ते विचारून घ्या.

चौथी गोष्ट, वेळ. जागतिक आरोग्य संघटनेने पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी साठ मिनिटे अंग हलवणारी हालचाल आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे खेळ सुचविले आहेत. साठ मिनिटे म्हणजे एक शाखा! हा तास शिकवणीइतकाच अटळ माना. आणि त्यातील पंधरा मिनिटे तरी आपण स्वतः मुलांबरोबर खेळा. चांदीकाम करणाऱ्या बांधवांना माझी विशेष विनंती आहे. दर तासाने जागेवरून उठा, पाठ ताठ करा, चार बैठका मारा आणि त्या मुलांना मोजायला सांगा. पित्याला हालताना पाहिलेले मूल बसून राहत नाही.

हे सारे कशासाठी? ‘कुमारसंभवा’त तपस्विनी पार्वतीला बटुवेषातील शंकर विचारतो, की हे तप तू आपल्या शक्तीच्या मर्यादेत करते आहेस ना, कारण शरीर हेच धर्माचे पहिले साधन आहे. कालिदासाचे हे वचन आपण व्यायामशाळेच्या भिंतीवर लिहितो, पण त्याचा संदर्भ विसरतो. स्वतःची शक्ती ओळखणे आणि तिच्या आधारे मोठे कार्य साधणे, हा त्याचा आशय आहे. स्वामी विवेकानंदांनीही तरुणांना आधी बलवान होण्यास सांगितले. राष्ट्राला सीमेवरचा सैनिक हवा, तसा बारा तास उभा राहणारा शल्यविशारद हवा, बारीक नजरेचा कारागीर हवा, वृद्ध मातापित्यांना उचलून घेणारा मुलगा हवा, कड्यावर चढणारी गिर्यारोहक कन्या हवी. प्रत्येकाची क्षमता निराळी आणि प्रत्येकाची गरज आहे.

शेवटी पुन्हा हनुमंताकडे येतो. समुद्रकिनारी सारे वानर चिंताक्रांत बसले होते. कोण किती योजने उडेल याची चर्चा चालू होती आणि ज्याच्या अंगी सर्वांहून अधिक सामर्थ्य होते, तो एका बाजूला मूक बसला होता. त्याला स्वतःच्या शक्तीचे विस्मरण झाले होते. तेव्हा वृद्ध जांबवंत त्याच्याजवळ गेला आणि त्याने त्याला त्याच्या सामर्थ्याची आठवण करून दिली. जांबवंताने त्याला नवे बळ दिले नाही, फक्त ओळख दिली.

माझ्या मैदानाच्या कडेला वही घेऊन एक मुलगा बसला होता. मी जांबवंत होऊ शकलो नाही. त्या लग्नानंतर मात्र त्याच्या मुलाला मी सांजवेळी बोलावून घेऊ लागलो. तो आजही शर्यतीत मागेच असतो, पण लंगडीत त्याला बाद करणे गल्लीतल्या कोणालाही सहज जमत नाही. आणि मागच्या महिन्यात त्याचा बाप मला म्हणाला, “गुरुजी, पोरासंगं मी बी एका पायावर हुबा ऱ्हातुया. पंधरापत्तुर आलोय.”

आपल्या घरात, आपल्या वर्गात, आपल्या गल्लीत कडेला कोण बसले आहे, ते आज घरी जाताना पाहा. त्याच्याजवळ जा. तेवढे जांबवंताचे काम आपण प्रत्येकाने करावे, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

भारत माता की जय.